‘पुस्तकच भारी होतं’ याच्यापुढे काय विचारायचं?

प्रश्न असा आलाय: आठवी-नववीच्या मुलांचा वाचनगट चालवणाऱ्या एका शिक्षिकेने ‘कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट’ असा उपक्रम घेतला. मुलांनी ‘द हंगर गेम्स’ वाचलं, पाहिलं आणि चर्चा दहा मिनिटांत आटोपली. ‘पुस्तकच भारी होतं’, ‘हे कापलं, ते कापलं’, संपलं. आता पुढे काय विचारायचं, आणखी कुठल्या जोड्या घ्यायच्या, मराठीत काही मिळेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी पटकथांवर काम करते, त्यातही रूपांतरांवर जास्त, आणि कार्यशाळांमध्ये हेच शिकवते. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

‘काय काय कापलं’ याची यादी मुलांना सुरुवातीलाच करू द्या. ती त्यांच्या ओठांवरच असते, बाहेर पडल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. यादी फळ्यावर लिहून झाली की तिच्याकडे पाठ फिरवा. कापाकापी ही रूपांतरातली सगळ्यात कमी बोलकी गोष्ट. हॅरी पॉटरचंच बघा ना. मालिकेतलं सगळ्यात जाडजूड पुस्तक पाचवं, अमेरिकी आवृत्तीत 870 पानांचं, आणि त्याचा चित्रपट 138 मिनिटांचा. मालिकेतला सगळ्यात लांब चित्रपट कुठला, तर दुसऱ्या भागाचा, 161 मिनिटांचा, आणि ते पुस्तक मालिकेतलं दुसऱ्या नंबरचं छोटं. पानं राखण्यावर सगळं ठरत असतं तर दुसरा चित्रपट सगळ्यांचा लाडका व्हायला हवा होता. पण पुष्कळ चाहते नाव घेतात तिसऱ्याचं, अल्फोन्सो क्वारोनच्या 2004 च्या चित्रपटाचं. त्यात तर तो जादूचा नकाशा बनवला कोणी, हे सांगितलेलंच नाही. पुस्तकात त्या नकाशावरच्या चार टोपणनावांमागे हॅरीच्या वडिलांची आणि त्यांच्या मित्रांची अख्खी गोष्ट दडलेली आहे. एवढी मोठी गोष्ट गाळूनही चित्रपट उभा राहतो, याचा अर्थ मोजपट्टी दुसरी हवी.

ती मोजपट्टी मी एका प्रश्नात मांडते: पुस्तकात ही गोष्ट कोण सांगतंय, आणि चित्रपटात तो सांगणारा कुठे गेला?

मोठ्यांच्या कादंबऱ्यांनाही हा प्रश्न लागू आहेच, पण किशोरांच्या कादंबऱ्यांमध्ये तो जिवावरचा असतो. त्यातल्या कितीतरी ‘मी’च्या तोंडून येतात, आणि तो ‘मी’ चौदा-पंधरा-सोळा वर्षांचा असतो. आजूबाजूला चाललेलं अर्धं त्याला कळत नसतं आणि कळलेल्यातलं अर्धं तो स्वतःशीही कबूल करत नाही. तो सांगतो एक, आपल्याला कळतं दुसरं. वाचण्याची मजा या दोहोंच्या मधल्या फटीत असते. कॅमेरा मात्र या मुलाच्या डोक्यात शिरत नाही, त्याच्यासमोर उभा राहतो. वाचताना आपण मुलाच्या डोळ्यांनी जग बघत होतो, आता मुलगाच बघण्याची वस्तू होतो. पटकथाकाराला पहिल्या दिवसापासून सोडवायचा असतो तो हा तिढा. कुठली पात्रं ठेवायची नि कुठली गाळायची, हे त्यातून नंतर ठरतं.

तुमच्या मुलांनी ‘हंगर गेम्स’ वाचलंच आहे, तर तिथूनच सुरू करू. सुझान कॉलिन्सची कादंबरी 2008 ची, गॅरी रॉसचा चित्रपट 2012 चा, आणि पटकथेच्या तीन लेखकांत कॉलिन्स स्वतः आहे. म्हणजे ‘लेखिकेला विचारलंच नाही’ ही तक्रार इथे चालत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलं आखाड्यात सोडून, एकच उरेपर्यंत ती एकमेकांना मारतात हे टीव्हीवर दाखवणाऱ्या राजवटीची ही गोष्ट. आखाड्यात उतरलेल्या कॅटनिसच्याच तोंडची ही अख्खी कादंबरी, तीही वर्तमानकाळात. पुढच्या क्षणी आपण जिवंत असू की नाही, हे तिला सांगताना माहीत नसतं. आणि आखाड्यात असताना आपल्यावर सतत कॅमेरे रोखलेले आहेत, याचं भान तिला कधीच सुटत नाही. हसू कुठे दाखवायचं, रडू कुठे गिळायचं, याचा हिशेब तिच्या मनात अखंड चालू असतो.

आता गुहेतला प्रसंग घ्या. तिच्याच जिल्ह्यातून आलेला पीटा जखमी आहे, तापाने फणफणलाय. बाहेरून मदत येते ती पॅराशूटने, आणि ती पाठवायची की नाही हे त्यांचा गुरू हेमिच ठरवतो. पुस्तकात हेमिच एक शब्दही लिहून पाठवत नाही. काय पाठवलं, कधी पाठवलं, कधी पाठवलं नाही, एवढ्यावरून कॅटनिसने निरोप ओळखायचा. त्याआधी ती तहानेने मरायला टेकलेली असते आणि तो पाणी पाठवत नाही. विचार करून करून ती ताडते, पाणी जवळपासच असणार. गुहेत ती पीटाचं चुंबन घेते आणि लगेच सूपचं भांडं येऊन पडतं. तिच्या मनात व्यवहार स्पष्ट होतो: एक चुंबन, एक भांडं सूप. प्रेक्षकांना प्रेमकथा हवी आहे, ती दिली तर खायला मिळेल. त्यानंतर तिचा प्रत्येक प्रेमळ शब्द आपण दोन्ही बाजूंनी वाचतो. हे खरं, की सूपसाठी? आणि वाचता वाचता लक्षात येतं, की तिचं तिलाच ते नीट माहीत नाही.

चित्रपटात याच सूपबरोबर चिठ्ठी येते. ‘याला चुंबन म्हणतात होय?’ अशा अर्थाचं एक वाक्य आणि खाली हेमिचची सही. थिएटरात हशा पिकतो, व्यवहार क्षणात कळतो, प्रसंग पुढे सरकतो. पटकथा म्हणून मला ही चिठ्ठी चलाख वाटते. मनातले दोन परिच्छेद पडद्यावर कसे आणायचे, याचं ते काटकसरीचं उत्तर आहे. पण किंमत बघा. पुस्तकात कॅटनिस कोडं सोडवते, तिथे तिची हुशारी दिसते. चित्रपटात ती सूचना वाचते. मुलांना हे दोन्ही प्रसंग लागोपाठ द्या, अगदी दोन पानं आणि दोन-तीन मिनिटं, आणि विचारा: कुठली कॅटनिस जास्त हुशार आहे? मग ‘पुस्तकच भारी’ म्हणणाऱ्यांना तसं का वाटलं याचं कारण स्वतःच्या शब्दांत सापडायला लागतं.

मनातला आवाज काढल्यावर माहिती कोण देणार? आखाड्यातल्या विषारी माश्या कसल्या, त्या चावल्या तर काय होतं, हे पुस्तकात कॅटनिसला ठाऊक असतं, ती आपल्याला सांगून टाकते. चित्रपटात तेच काम टीव्हीवरचा सूत्रसंचालक सीझर करतो, आखाड्याबाहेर स्टुडिओत बसून, चकचकीत दात दाखवत. ही निवड मला फार आवडते. खेळ टीव्हीवर चालू आहे म्हटल्यावर समालोचक असणारच, तो उपरा वाटत नाही. शिवाय एका मुलीच्या जिवावर बेतलेल्या गोष्टीचं तो करमणुकीच्या सुरात वर्णन करतो, त्यामुळे अंगावर काटा येतो तो वेगळाच.

कॅटनिसच्या डोक्यातून बाहेर पडल्याचे आणखीही फायदे चित्रपटाने उचललेत, आणि मुलांच्या यादीत ते कधीच नसतात, कारण यादी कापलेल्याची असते, वाढवलेल्याची नसते. कॅटनिस आखाड्यात आहे, म्हणून पुस्तकात आपणही आखाड्यातच. चित्रपट सरळ नियंत्रण कक्षात जातो. तिथे माणसं कीबोर्डवर बोटं फिरवून जंगलाला आग लावतात, ऑफिसात काम करावं तितक्या निवांतपणे. आखाड्यात कॅटनिसची सोबतीण झालेल्या छोट्या रूच्या मृत्यूनंतरचं बघा. पुस्तकात तिच्या अकराव्या जिल्ह्यातून कॅटनिससाठी पाव येतो. त्या उपाशी लोकांनी पै-पै जमवून तो पाठवलेला असणार, आणि मुळात तो रूसाठीच असणार, हे तिच्या लक्षात येतं. चित्रपटात पाव नाही, तिथे त्या जिल्ह्यात दंगल उसळते, धान्य उधळलं जातं, शिपाई लाठ्या चालवतात. कोणतं चांगलं? मला पाव जास्त लागतो. पण कॅमेऱ्यासमोर पाव म्हणजे पावच. त्यामागचा उपास कळायला कॅटनिसच हवी, आणि तीच तर आता बोलत नाही. दंगलीला निवेदक लागत नाही.

खेळाचा मुख्य संयोजक सेनेका क्रेन याचा शेवट तर चित्रपटाचीच कमाई. पुस्तकात त्याला मारल्याचं आपल्याला पुढच्या भागात, बोलण्यातून कळतं. चित्रपटात त्याला एका खोलीत आणून सोडतात, दार बंद होतं, आणि समोर टेबलावर एका भांड्यात, कॅटनिस आणि पीटाने ज्या खाऊन मरायची धमकी देऊन स्वतःची सुटका केली, त्याच विषारी बेरी ठेवलेल्या असतात. संवाद शून्य. पहिल्या पुरुषातल्या कादंबरीला हे दृश्य लिहिताच आलं नसतं.

मग चित्रपट पडतो कुठे? माझ्या मते शेवटाला. पुस्तकात घरी परतताना पीटाला कळतं की कॅटनिसचं आखाड्यातलं प्रेम बरंचसं नाटक होतं. तो दुखावतो. पण स्टेशनवर कॅमेरे वाट बघत असतात, म्हणून शेवटी हात हातात घ्यावाच लागतो, प्रेक्षकांसाठी, अजून एकदा. चित्रपटात हा खुलासा जवळजवळ पुसून टाकलाय. पीटा विचारतो, आता पुढे काय, ती म्हणते, विसरायचा प्रयत्न करू. सुंदर कातर क्षण आहे, पण ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याला त्या कातरतेमागचं कारण समजायला जागा नाही. आवाज काढून टाकला त्याचं बिल इथे आलं. सूप, समालोचक, नियंत्रण कक्ष या सगळ्यांनी मिळून कॅटनिसच्या माहितीची भरपाई केली, तिच्या संभ्रमाची नाही केली.

(हिंसेबद्दल पालक विचारतीलच. चित्रपट हिंसा बरीच झाकतो, कॅमेरा हलत राहतो, धड काही दिसत नाही. तरीही ब्रिटनमध्ये बारा वर्षांच्या मुलांना दाखवता यावा म्हणून आणखी सात सेकंद कापावे लागले होते. पुस्तक या बाबतीत चित्रपटापेक्षा कितीतरी कठोर आहे. तिथे शेवटी आखाड्यात सोडलेल्या लांडग्यांना मेलेल्या मुलांचे डोळे असतात.)

आवाज टिकवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे निवेदन, पडद्यामागून येणारा आवाज. सोपा आहे म्हणूनच आमच्यात तो बदनाम आहे. पण त्याने काय होतं हे बघायला ‘द आउटसायडर्स’ घ्या. एस. ई. हिंटनने ही कादंबरी पंधराव्या वर्षी लिहायला घेतली आणि 1967 मध्ये छापून आली तेव्हा ती जेमतेम अठराची होती. असं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक ते गंभीरपणे घेणार नाहीत, या भीतीने नावाची फक्त आद्याक्षरं छापली. ओक्लाहोमातल्या गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्या, आणि चौदा वर्षांचा पोनीबॉय सांगतोय. चित्रपटाची जन्मकथा तुमच्या मुलांना नक्की सांगा: 1980 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो इथल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी आणि मुलांनी फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र लिहून विनंती केली, की या पुस्तकावर चित्रपट काढा. सह्या करून पाठवलं. आणि ‘गॉडफादर’वाल्याने तो काढला, 1983 मध्ये. चित्रपट त्याच शाळेला अर्पण केलाय.

कादंबरी सुरू होते ती थिएटरच्या अंधारातून उन्हात बाहेर पडणाऱ्या मुलापासून. शेवटच्या पानावर कळतं, की हे सगळं म्हणजे पोनीबॉयने शाळेत इंग्रजीच्या विषयासाठी लिहायला घेतलेला निबंध आहे, आणि पहिलंच वाक्य पुन्हा येतं. आपण गृहपाठ वाचत होतो हे तोवर कळलेलं नसतं. चित्रपट उघडतो तेव्हाच पोनीबॉय वही उघडून ते वाक्य लिहायला बसलेला दिसतो. आवाज जपला, धक्का गेला. नववीच्या मुलांना इतकं बारीक दिसत नाही असं समजू नका. ‘हे आधीच का सांगितलं?’ हा प्रश्न मी त्यांच्याकडूनच ऐकलाय.

या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत, हे मात्र ध्यानात ठेवा. 1983 ची दीड तासाची. आणि 2005 मध्ये कोपोलाने पुन्हा संकलित केलेली, सुमारे वीस-बावीस मिनिटं जास्तीची. हिच्यात सुरुवातीला पोनीबॉयला एकटं गाठून मारतात तो प्रसंग, भावाभावांचं रात्री अंथरुणात पडून बोलणं, कोर्टातलं दृश्य, असं पुस्तकातलं बरंच परत आलं. आधीचं भारदस्त पार्श्वसंगीत बरंचसं काढून त्या काळातली रॉक गाणी घातली. रूपांतर शिकवणाऱ्याला यापेक्षा चांगली भेट नाही: पुस्तक तेच, दिग्दर्शक तोच, चित्रीकरणही तेच, आणि तरी दोन वेगळे चित्रपट. भाऊ जास्त दिसतात तेव्हा ती घराची गोष्ट होते, कमी दिसतात तेव्हा टोळीची.

वयाबद्दलही बोलायला हवं, थोडक्यात. पुस्तकातलं पोर आपल्याला हवं तेवढं लहान असतं, पडद्यावर एक विशिष्ट चेहरा नि विशिष्ट अंग येतं. लुई सेकरच्या ‘होल्स’ मधला स्टॅन्ली चांगला जाडा आहे. रणरणत्या उन्हात रोज पाच फूट खोल, पाच फूट रुंद खड्डा खणून खणून तो झडत जातो, आणि हा बदल कथेचा भाग आहे. 2003 च्या चित्रपटाची पटकथा सेकरनेच लिहिली, तरी तिथला स्टॅन्ली पहिल्यापासून सडसडीत. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. सकाळी शेवटचा सीन, दुपारी पहिला, असं चालतं. एखाद्या पोराला दोन महिन्यांत जाडं-बारीक-जाडं कसं करणार? बाकी हा चित्रपट पुस्तकाशी विलक्षण इमानदार आहे, तीन काळांतल्या तीन गोष्टींची वेणी त्याने सुटू दिलेली नाही. पर्सी जॅक्सनला हे साधलं नाही. पुस्तकात बारा वर्षांचा पोरगा, 2010 च्या चित्रपटात थेट कॉलेजकुमार वाटावा असा, आणि त्याबरोबर पुस्तकातला भाबडेपणाच गेला. 2023 च्या मालिकेत वय पुन्हा खाली आणलं ते उगाच नाही.

आता मराठी. इथे मला जास्त बोलायचंय, कारण तुमच्या गटासाठी मी ‘शाळा’लाच पहिला मान देईन.

मिलिंद बोकील यांची ही कादंबरी मौजेने 2004 मध्ये काढली. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या, फावड्या, आणि वर्गातली शिरोडकर. सुजय डहाके यांचा चित्रपट 2012 च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेचा. त्याआधी याच कादंबरीवर ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी चित्रपट येऊन गेला होता, आणि ‘गमभन’ हे नाटकही. एकाच पुस्तकाची इतकी रूपं मराठीत क्वचित मिळतात.

‘हंगर गेम्स’मध्ये निवेदक काढला तरी मारामारी उरते. ‘शाळा’मध्ये निवेदक काढला तर काय उरतं? बाहेर घडणारं तसं थोडंच आहे. तास, मधली सुट्टी, क्लास, मुलींच्या वाटेवर नजर ठेवून बसणं, वार्षिक परीक्षा. खरी घडामोड जोशीच्या डोक्यात. ती आज बघितली का, माझ्याकडेच बघितली का, की मागे कोण होतं तिकडे? शिवाय जोशी मित्रांत एक बोलतो, घरी दुसरं, मनात तिसरं. कादंबरी प्रचंड विनोदी आहे, आणि विनोद प्रसंगांत कमी, त्याच्या सांगण्यात जास्त आहे. सरांवर, बाईंवर, बहिणीवर तो मनातल्या मनात जे शेरे मारतो त्यात.

कागदावरची शिरोडकर पूर्णपणे जोशीच्या नजरेची बनलेली आहे. तो बघतो तेवढीच ती असते. पडद्यावर केतकी माटेगावकर आली की शिरोडकरला स्वतःची नजर मिळते. तिच्या मनात काय असावं याचा अंदाज आपण जोशीच्या आधी, त्याच्या मदतीशिवाय बांधायला लागतो. कादंबरीभर पुरणारी धाकधूक चित्रपटात एका क्लोजअपमध्ये अर्ध्यावर येते. हा तोटाच, असं मी म्हणणार नाही. पुस्तकातल्या मुलीचं स्वतःचं असं काही आपल्याला फारसं दिसत नाही, चित्रपटात ती माणूस म्हणून समोर येते. माझ्या कार्यशाळांत मुली या मुद्द्यावर हमखास चित्रपटाची बाजू घेतात, आणि मुलगे पुस्तकाची. तुमच्या गटात काय होतं ते बघा.

पण मला खरी गंमत वाटते ती सांगणाऱ्याच्या वयाची. कादंबरी लिहिणारा लेखक मोठा आहे, सांगणारा मात्र नववीतच आहे. हे दिवस पुढे आठवतील, हे त्याला ठाऊक नाही. तो गळा काढत नाही. शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हाही तो ते पंधरा वर्षांच्या पोराच्या आकलनाने सांगतो, आणि म्हणूनच ते लागतं. चित्रपटाकडे बघा. ती हिरवाई, ते धुकं, ते हळुवार संगीत, ती रेंगाळणारी दृश्यं. ही नजर नववीतल्या पोराची नाही. शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या माणसाची आहे. निवेदक गेला नाही, त्याचं वय वाढलं. चित्रपट बघून बाहेर पडणारे चाळिशीतले लोक डोळे पुसत होते ते यामुळे, आणि नववीतल्या मुलांना तो मधे मधे संथ वाटतो तेही यामुळेच. त्यांना त्यांची शाळा अजून आठवायची नाहीये, सकाळी जायचंय.

आणीबाणीचंही तसंच. जोशी मोठ्यांचं बोलणं कानावर पडेल तसं सांगतो, अर्थ लावायच्या भानगडीत फारसा पडत नाही. नरूमामा काही बोलतो, मांजरेकर सर काही सुचवतात. दडपण कसलं हे वाचणाऱ्याला कळतं, जोशीला पुरतं कळत नाही. हा भाग मुलांकडून काढून घेण्याआधी त्यांना आणीबाणी म्हणजे काय हे दहा मिनिटांत सांगावंच लागेल, नाहीतर तीही जोशीच्याच जागी बसतील. कदाचित आधी न सांगता वाचायला देणं जास्त चांगलं.

‘श्यामची आई’ याच्या बरोब्बर उलट आहे, म्हणून शेजारी ठेवायला छान. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. त्यात सांगणारा श्याम मोठा झालेला, आश्रमातल्या सोबत्यांना रात्री बसून आठवणी सांगणारा. बेचाळीस रात्री. डोळ्यांत पाणी येतं ते या मोठ्या श्यामच्या. लहान श्याम तर पुष्कळदा हट्टी आणि चिडका आहे. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटात मात्र मनात राहतो तो लहान श्याम, माधव वझे, आणि वनमालाबाईंची आई. त्याच्याकडे आपण मोठ्यांच्या पश्चात्तापातून बघत नाही, प्रत्यक्ष बघतो. 2023 मध्ये डहाके यांनीच तो पुन्हा केला, कृष्णधवल, आणि ओम भूतकरच्या रूपाने खुद्द साने गुरुजींना पडद्यावर आणलं. सांगणाऱ्याला त्याची खुर्ची परत मिळाली. ‘शाळा’त ज्याने पोराच्या गोष्टीला मोठ्याची नजर दिली, त्याच दिग्दर्शकाने इथे मोठ्या निवेदकाला परत बोलावलं, हे मला फार बोलकं वाटतं.

‘फास्टर फेणे’ घ्यायचा मोह होईल. घ्या, पण वेगळ्या अपेक्षेने. 2017 चा आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट भा. रा. भागवतांच्या कुठल्याही एका पुस्तकाचं रूपांतर नाही. फुरसुंगीचा बन्या, त्याचं ‘टॉक्’, त्याची नको तिथे नाक खुपसायची सवय, एवढं उचलून अमेय वाघच्या वयाचा तरुण केलाय आणि त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या घोटाळ्याच्या मागे लावलंय. त्यामुळे पान विरुद्ध दृश्य अशी तुलना इथे जमणार नाही. पण आपला प्रश्न इथेही चालतो, आणि उत्तर गमतीदार आहे. भागवतांच्या पुस्तकांत बन्याची फिरकी घेत, मधूनच वाचकाकडे बघून मिश्किल हसत गोष्ट सांगणारा एक आवाज आहे. चित्रपटाने त्या आवाजालाच पात्र केलं. दिलीप प्रभावळकर तिथे भा. रा. भागवत म्हणून येतात.

‘द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर’ सुचवणारे भेटतील. स्टीफन चबॉस्कीने स्वतःचीच 1999 ची पत्ररूप कादंबरी 2012 मध्ये दिग्दर्शित केली, आणि उत्तम केली. पण त्यात लैंगिक अत्याचाराचा विषय आहे. आठवी-नववीच्या गटात नको. अकरावीनंतर, तेही आधी स्वतः वाचून.

गट चालवायचा कसा, तर अख्खं पुस्तक विरुद्ध अख्खा चित्रपट असं कधीच घेऊ नका. एक प्रसंग निवडा, ज्यात नायक किंवा नायिका बोलते कमी आणि विचार जास्त करते. ती पानं मोठ्याने वाचून घ्या. मग मुलांना कागद द्या आणि सांगा: आता हे दृश्य तुम्ही लिहा, मनातलं एकही वाक्य वापरायचं नाही, फक्त दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच. वर्ग गप्प होतो. मग कोणी आरसा आणतं, कोणी मैत्रीण आणून तिच्याशी बोलायला लावतं, कोणी डायरी, कोणी पाऊस. हमखास कोणीतरी निवेदन घालतं आणि बाकीचे ‘चीटिंग’ म्हणून ओरडतात. यानंतर चित्रपटातलं दृश्य दाखवा. जी मुलं आधी ‘सगळं कापलं’ म्हणत होती ती आता ‘अरे, त्याने चिठ्ठी टाकली, आपल्याला सुचलं नाही’ असं म्हणतात, किंवा ‘आपलं जास्त चांगलं होतं’ असं. दोन्ही चालेल.

आधी वाचायचं की आधी बघायचं, यावर मी अडून बसत नाही. आधी बघितलं की पात्रांना चेहरे चिकटतात, ते नंतर सुटत नाहीत, हे खरंय. पण गटात दोन-चार मुलं अशी असतातच की ज्यांनी फक्त चित्रपट बघितलाय आणि ती खजील होऊन मागे बसतात. त्यांना पुढे बोलवा. तुमच्याकडे तीच एकमेव माणसं आहेत ज्यांना चित्रपटाने स्वतःच्या बळावर काय सांगितलं हे ठाऊक आहे. वाचलेली मुलं न कळत पुस्तकातलं मनाने भरत असतात. न वाचलेल्यांना विचारा, गुहेत कॅटनिस नाटक करत होती का? त्यांची उत्तरं लिहून घ्या, आणि मग वाचलेल्यांना बोलू द्या.